टीएसएच थोडा वाढलाय? गोळी सुरू करण्याआधी हे वाचा

थायरॉइडचा रिपोर्ट हातात पडला की पहिली नजर टीएसएचच्या आकड्यावर जाते. टीएसएच म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन; थायरॉइड मंदावला की तो वाढतो. तो ६-७ दिसला आणि सोबत थकवा असला, की ‘थायरॉइड निघाला’ असं घरातच ठरतं. बहुतेकदा ते खरंही असतं. पण काही थोड्या रुग्णांत मूळ बिघाड गळ्यात नसून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत असतो. असे रुग्ण कमी असले, तरी त्यांच्या बाबतीत चूक महागात पडते. म्हणून हे पत्रक.

अ‍ॅड्रिनलमधून निघणारं कॉर्टिसॉल रक्तदाब आणि साखर सांभाळतं, आजारपणात शरीराला तग धरायला लावतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी किती टीएसएच सोडते, यालाही ते आवर घालतं. कॉर्टिसॉल कमी पडलं की थायरॉइड धडधाकट असूनही टीएसएच वाढलेला दिसू शकतो. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची जागा भरून काढणारं स्टिरॉइड) सुरू केल्यावर तो कित्येकदा आपोआप खाली येतो.

धोका पुढेच आहे. थायरॉइडसाठी दिल्या जाणाऱ्या थायरॉक्सिनच्या गोळीने शरीरातलं कॉर्टिसॉल लवकर खर्ची पडतं. मुळातच तुटवडा असलेल्या माणसाला नुसती थायरॉक्सिन दिली, तर उलट्या, पोटदुखी, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत वेळ येऊ शकते. यालाच अ‍ॅड्रिनल क्रायसिस म्हणतात आणि तो जिवावर बेततो. दोन्ही हार्मोन कमी असतील, तर आधी स्टिरॉइड आणि मग थायरॉक्सिन, असाच क्रम डॉक्टर ठेवतात.

शंका कधी घ्यावी? थायरॉइड मंदावला की वजन सहसा वाढतं. ते उलट घटत असेल, उठताना चक्कर येत असेल, मीठ खावंसं वाटत असेल, तळहाताच्या रेषा किंवा हिरड्या काळवंडल्या असतील, रक्तात सोडियम कमी आलं असेल, तर कॉर्टिसॉलबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. पूर्वी टीबी झाला असेल तर तेही सांगा. टीबीमुळे अ‍ॅड्रिनल निकामी होऊ शकतात. बाळंतपणात खूप रक्तस्राव होऊन नंतर दूध आलं नाही, पाळीही परतली नाही, अशा बाईंच्या पिट्युटरीलाच इजा झालेली असू शकते. तिथे टीएसएच नॉर्मल दिसूनही फसवतो, फ्री टी४ (रक्तात मोकळं असलेलं थायरॉइडचं हार्मोन) पाहावाच लागतो.

कॉर्टिसॉल जास्त झालं, किंवा स्टिरॉइडचे मोठे डोस चालू असले, तर टीएसएच दबतो आणि टी४ चं टी३ मध्ये, म्हणजे थायरॉइड हार्मोनच्या जास्त प्रभावी रूपात, रूपांतरही मंदावतं. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्यामुळे अशी पुडी घेत असाल तर संकोच न करता सांगा. दम्याचा पंप, त्वचेचं मलम, गुडघ्यातलं इंजेक्शन हेही सांगा. स्टिरॉइड बरेच दिवस चालू असेल, तर मनाने एकदम बंद करू नका. थायरॉइडची चालू गोळीही सोडू नका.

कॉर्टिसॉलचं रक्त सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान द्यावं, कारण तेव्हा त्याची पातळी सर्वात वर असते. संध्याकाळच्या आकड्यावरून कमतरता ठरत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी हा आकडा फुगतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर नमुना देण्याआधी कळवा, त्याने थायरॉइडचे आकडेही चुकू शकतात.

इंटरनेटवर ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ची पॅकेजेस दिसतात. वैद्यकशास्त्र असं निदान मानत नाही, म्हणून आम्ही ते पॅकेज ठेवलेलं नाही. कॉर्टिसॉलची तपासणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर करून मिळेल. येताना जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची पाकिटं बरोबर आणा.