चिप लावली म्हणून सिक्वेन्सर 'डिजिटल' होत नाही

'घरी बनवलेल्या सिक्वेन्सरमध्ये ४०१७ चिप आहे ना, मग तो ॲनालॉग कसला?' हा आक्षेप जुना आहे, आणि चुकीचा. सिक्वेन्सर म्हणजे सिंथेसायझरला एकेक पाऊल टाकत ठरलेल्या क्रमाने सूर वाजवायला लावणारं यंत्र; ४०१७ ही त्यातली पावलं मोजणारी चिप. पावलं मोजण्याचं काम नेहमीच चालू-बंद पद्धतीचं असतं. मूग कंपनीच्या ९६० या जुन्या सिक्वेन्सरमध्येही आठपैकी एका वेळी एकच टप्पा चालू असायचा, फक्त तिथे चिपऐवजी सुटे ट्रान्झिस्टर होते. ॲनालॉग असतं ते बाहेर पडणारं व्होल्टेज: नॉब जरासा फिरवा, सूर सरकतो. एक व्होल्टला बारा स्वरांचं एक सप्तक धरलं, तर एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंत जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. म्हणून तर सूर लावताना घाम फुटतो!

४०१७ च्या दहा आउटपुटपैकी एका वेळी एकच 'वर' असतं. प्रत्येकाला एक पॉट (नॉबने फिरवायचा बदलता रोध), पॉटच्या मधल्या पायापासून एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), आणि सगळे डायोड एका तारेवर. डायोड गाळलात तर बाकीची नऊ आउटपुट व्होल्टेज खाली खेचतात. लावलात तर साधारण ०.६ व्होल्ट तो खातो, त्यामुळे नॉबचा सुरुवातीचा भाग मुका राहतो. आठच पावलं हवीत? ९ नंबरची पिन (नववं आउटपुट) १५ ला (रिसेट) जोडा. आउटपुटच्या पिनांचा क्रम मात्र ३, २, ४, ७, १०, १... असा वेडावाकडा आहे. सोल्डरिंगआधी कागदावर लिहून घ्या.