लहान गोळी, मोठा वेग आणि नळीतला पीळ

इंग्लंडमध्ये रेड डियर या मोठ्या हरणाचा नर .२४३ विंचेस्टर काडतुसाने टिपला तर कायदा आडवा येत नाही. तीच रायफल घेऊन जर्मनीत गेलात आणि त्याच जातीच्या नरावर झाडलीत, तर कायदा मोडलात. जर्मन शिकार कायदा रो हरणासारखं लहान जनावर वगळता बाकी खुरवाल्या प्राण्यांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यासाची गोळी आणि १०० मीटरवर २००० ज्यूल ऊर्जा मागतो. .२४३ हा गोळीचा इंचातला व्यास, म्हणजे ती भरते ६.१७ मिलिमीटर. इंग्लंडची अट आहे .२४० इंच व्यासाची, आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २३०५ ज्यूल ऊर्जेची. फरक जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरचा, पण त्यामागे शंभर वर्षांचा वाद आहे: हरणाला बारीक आणि वेगवान गोळी पुरते का?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, त्यामुळे भारतात हा प्रश्न पुस्तकीच. आपला चितळ मात्र परदेशात चांगलाच माजला आहे. १८६८ मध्ये हाँगकाँगहून हवाईचा राजा पाचवा कामेहामेहा याला भेट म्हणून चितळ पाठवले गेले आणि मोलोकाई बेटावर सोडले गेले. खाणारा वाघ नाही, बिबट्या नाही. आज तिथे ते झाडोरा ओरबाडून टाकतात आणि त्यांची शिकार करावी लागते. टेक्सासातही विसाव्या शतकात चितळ आणले गेले. तिथे ते परदेशी जनावर म्हणून गणले जातात, वर्षभर मारता येतात. तेव्हा तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी माणसाला ‘चितळासाठी काडतूस कुठलं घ्यायचं?’ हा प्रश्न दुकानात उभं राहून खरोखरच पडू शकतो.

बारीक गोळीची बाजू आधी ऐकू, कारण ती साध्या भौतिकशास्त्राची आहे. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, पण खांद्याला बसणारा धक्का ठरतो तो संवेगावरून, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यावरून. विंचेस्टर कंपनीने १९५५ मध्ये .२४३ काढलं ते .३०८ या जाड गोळीच्या काडतुसाच्याच पुंगळीचं (दारू भरायच्या धातूच्या नळकांड्याचं) तोंड आवळून, त्यामुळे तुलना करायला ही जोडी सोयीची. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८६० मीटरने निघते. ऊर्जा ३६०० ज्यूलच्या आसपास. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी निघते ९०० मीटरने. ऊर्जा २६०० ज्यूलच्या थोडी वर. (ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या साधारण निम्मं.) ऊर्जा पाऊणपट मिळाली. जळलेल्या दारूच्या वायूंचा हिशोब बाजूला ठेवला, तर त्याच वजनाच्या रायफलीची मागे येण्याची ऊर्जा मात्र जवळपास निम्म्यावर आली. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटणारा माणूस कितीही मोठं काडतूस घेऊन गेला तरी हरणाला नुसता जखमी करतो. नवशिक्यांच्या हाती .२४३ दिलं जातं ते यासाठी, आणि मला ते कारण पटतं.

दुसरा फायदा सपाट मार्गाचा. नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते. किती पडेल ते ती किती वेळ हवेत राहते यावर. .२४३ ला २०० मीटर जायला पाव सेकंद लागतो, तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली सुमारे ३० सेंटिमीटर उतरते. १८९५ चं जुनं .३०-३० काडतूस तेवढ्याच अंतरात दुपटीने खाली येतं. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी वेगवान गोळी सांभाळून घेते.

इथवर ठीक. गडबड होते ती वेगाचा आकडा हाच गुण मानला की. १९१५ मध्ये सॅव्हेज कंपनीने .२५०-३००० नावाचं काडतूस बाजारात आणलं. नावातला ३००० म्हणजे सेकंदाला तीन हजार फूट. त्याचा रचनाकार चार्ल्स न्यूटन याला हरणासाठी १०० ग्रेनची गोळी हवी होती, असं सांगतात. कंपनीने ८७ ग्रेनची निवडली, कारण तिनेच जाहिरातीतला गोल आकडा गाठता येत होता! १९३५ मध्ये .२२० स्विफ्ट आलं, ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला १२५० मीटरने. हिशोब केला तर तोंडाशी २४०० ज्यूल, म्हणजे इंग्लंडच्या ऊर्जेच्या अटीत ती आरामात बसते. व्यासाच्या अटीत बसत नाही. शिवाय तीन ग्रॅमची ती गोळी अंतर वाढलं की आपली ऊर्जा झपाट्याने हवेला देऊन टाकते.

आता ऊर्जा मारते कशी, हे पाहायला हवं. अमेरिकी लष्करातले शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी थंड केलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडून जखमांचा अभ्यास केला. असा पारदर्शक ठोकळा कापून पाहिला की कहाणी वाचता येते: गोळीचा कायमचा मार्ग, त्याभोवती ताणून फाटलेल्या भेगा, आणि वाटेत सांडलेले शिशाचे कण. भेगांचा फुगवटा डोळ्यात भरतो, पण फुप्फुसासारखा लवचीक अवयव तो ताण बऱ्यापैकी पचवतो. जनावर पडतं ते मुख्यतः रक्तस्रावाने, आणि त्यासाठी गोळी छातीत खोलवर पोचायला हवी. कोल्ह्या-सशांसारख्या बारक्या प्राण्यांसाठी बनवलेल्या ५५ ते ८० ग्रेनच्या गोळ्यांचं तांब्याचं आवरण पातळ असतं. त्या आपटताच फुटतात. हरणाच्या खांद्याच्या हाडावर अशी गोळी लागली तर बशीएवढी उथळ जखम होते आणि जनावर पळून जातं, दोन दिवसांनी कुठेतरी झाडीत मरायला. त्याच .२४३ मध्ये जाड आवरणाची १०० ग्रेनची गोळी पसरते, पण एकसंध राहून आरपार जाऊ शकते. दोन्ही डब्यांवर काडतुसाचं नाव तेच. माझ्या मते काडतुसाच्या नावावरून चालणारी निम्मी भांडणं खरं म्हणजे गोळीच्या बनावटीची असतात.

आणि मग येतो पीळ, ज्याकडे विकत घेणारा सहसा पाहत नाही. नळीच्या आतल्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि फिरण्यामुळेच भोवऱ्यासारखी ताठ राहते. या आट्यांचा पीळ मोजतात तो किती इंचात एक फेरा पुरा होतो यावर: इंच जितके कमी, तितका पीळ जास्त. .२४३ च्या नळीत दहा इंचात एक फेरा असतो. ९०० मीटरच्या वेगाला म्हणजे सेकंदाला साडेतीन हजार फेऱ्या. किती पीळ पुरेल, याचं सूत्र वूलिचचे गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच दिलं होतं, आणि त्यात कळीचा मुद्दा आहे गोळीची लांबी. लांब गोळीला जास्त पीळ लागतो.

१९५५ मध्येच रेमिंग्टनने .२४४ काढलं होतं. गोळीचा व्यास तोच, आणि पुंगळीत .२४३ पेक्षा थोडी जास्तच दारू मावायची. पण कंपनीने ते मुख्यतः बारक्या प्राण्यांसाठीचं मानून नळीला बारा इंचात एक फेरा दिला. त्या पिळात ९० ग्रेनपर्यंतची गोळी चालायची. लांब, टोकदार १०० ग्रेनची भरवशाची नव्हती. लोकांना मात्र एकाच रायफलीत हरणाची सोय हवी होती. त्यांनी .२४३ उचललं. रेमिंग्टनने पुढे पीळ नऊ इंचांवर आणला, १९६३ मध्ये नाव बदलून ६ एमएम रेमिंग्टन केलं, पण तोवर दुकानांच्या फळ्या .२४३ ने भरलेल्या होत्या. कागदावर किंचित सरस काडतूस दोन इंचांच्या पिळापायी मागे पडलं, आणि ते पुन्हा वर आलं नाही.

हाच हिशोब आता शिशाच्या निमित्ताने नव्याने मांडावा लागतो आहे. गोळीतलं शिसं गिधाडांच्या आणि माणसांच्या पोटात जातं, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली, डेन्मार्कने २०२४ पासून रायफलीच्या गोळ्यांतूनही ते हटवलं. पर्याय तांब्याचा. पण शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची ८.९६, म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होणार, आणि दहा इंचांचा पीळ अपुरा पडणार. स्कॉटलंडमध्ये रो सोडून इतर हरणांसाठी किमान १०० ग्रेनची अट होती; .२४३ वाल्यांची त्यात पंचाईत झाली. २०२३ मध्ये ती मर्यादा ८० ग्रेनवर आणली गेली. तांब्याची गोळी तुकडे न होता पसरते, त्यामुळे कमी वजनातही खोल जाते.

मला विचाराल तर चितळ, रो किंवा पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकन हरणासाठी ६ मिलिमीटर पुरे, पण शिशाची असेल तर ९० ते १०० ग्रेनची जाड आवरणाची, तांब्याची असेल तर ८० च्या आसपासची. रेड डियरच्या दीडशे-दोनशे किलोच्या नरासाठी जर्मनांचं ऐकून ६.५ च्या वर जावं. आणि पैसे मोजण्याआधी नळीवर कोरलेला पीळ वाचावा. नेमकी तीच गोळी १०० मीटरवरच्या कागदावर झाडून पाहावी. भोक गोल पडलं तर ठीक. ते लांबट, गोळीच्या आडव्या सावलीसारखं दिसलं, तर गोळी हवेतच कोलमडते आहे. काडतूस कितीही नावाजलेलं असो, तो डबा त्या नळीसाठी नाही.