प्रवासकार्ड : परदेशी शहरांतील वापर

प्रवासकार्ड म्हणजे शहरातील रेल्वे, मेट्रो, बस, ट्राम किंवा फेरीबोटीचे भाडे रीडरला टेकवून चुकते करण्याचे कार्ड. परगावचा पाहुणा ते दोन-चार दिवस वापरतो आणि विसरतो. नोकरीनिमित्त काही महिने राहणाऱ्याचा मात्र महिन्याचा खर्च त्याच्या नियमांवर ठरतो. ऐरोली, महापे, घणसोली या पट्ट्यातील कंपन्यांकडून ‘ऑनसाइट’, म्हणजे परदेशी ग्राहकाच्या कचेरीत, कामाला जाणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांना हे नियम तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकावे लागतात. प्रस्तुत नोंद अशा रोज ये-जा करणाऱ्या प्रवाशाच्या बाजूने लिहिली आहे.

कार्डात एक चिप आणि तिच्याभोवती तारेचे वेटोळे असते, बॅटरी नसते. रीडरच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रात कार्ड आले की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप रीडरशी बोलते. हे सर्व गर्दीच्या वेळी, माणूस न थांबता फाटकातून जात असताना व्हावे लागते. तोक्योच्या ‘सुइका’ कार्डाचा व्यवहार सुमारे ०.२ सेकंदात पुरा होतो. पाकिटात दोन स्पर्शविरहित कार्डे एकत्र असली तर रीडर भलत्याच कार्डातून पैसे घेऊ शकतो, म्हणून प्रवासाचे कार्ड पाकिटाबाहेर काढून टेकवणे बरे. हाँगकाँगचे ‘ऑक्टोपस’ सप्टेंबर १९९७ मध्ये, ‘सुइका’ नोव्हेंबर २००१ मध्ये, सिंगापूरचे ‘ईझी-लिंक’ २००२ मध्ये, लंडनचे ‘ऑयस्टर’ २००३ मध्ये आणि दुबईचे ‘नोल’ २००९ मध्ये तेथील मेट्रोबरोबर सुरू झाले.

मुंबई उपनगरी रेल्वेच्या प्रवाशाला खरी अडचण येते ती यंत्राची नव्हे, सवयीची. ठाणे ते सीएसएमटी किंवा ठाणे ते वाशी असा पास एकदा काढला की महिना, तीन महिने, सहा महिने किंवा वर्षभर त्या दोन स्थानकांदरम्यान कितीही वेळा जाता येते. स्थानकावर फाटक नाही, टीसीने अडवले तरच पास दाखवायचा, आणि विनातिकीट सापडल्यास भाड्याखेरीज किमान २५० रुपये दंड. लोकलवर स्मार्टकार्डही आहे, पण ते एटीव्हीएम यंत्रातून तिकीट काढण्यापुरते. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाल्यापासून फाटके या भागातही आली आहेत, तथापि रोजच्या प्रवाशाचा पिंड अजून पासाचाच आहे. पासात पैसे मुदतीचे मोजले जातात. प्रवासकार्डात दोन टेकवण्यांमधले अंतर मोजले जाते. दुसरे टेकवणे राहिले तर प्रवास कुठे संपला हे यंत्रणेला कळत नाही आणि ती सर्वांत जास्त भाडे लावते. फाटक असलेल्या स्थानकात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण कार्ड टेकवल्याशिवाय दार उघडत नाही. अडतो तो उघड्या स्थानकात.

लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे हे याचे ठळक उदाहरण होय. तिच्या बहुतेक स्थानकांवर फाटके नाहीत. जिन्याजवळ किंवा फलाटाच्या तोंडाशी खांबावर पिवळ्या गोलाचा रीडर असतो आणि गाडीतून उतरलेला घोळका त्याच्या अंगावरून निघून जातो. ठाण्याला उतरल्यावर थेट रिक्षाच्या रांगेकडे चालू लागण्याची सवय असलेल्या माणसाने तेथे मुद्दाम थांबावे लागते. चूक झालीच तर परतावा मागता येतो आणि काही वेळा यंत्रणा तो आपणहून देते. काही बदलीच्या स्थानकांवर, उदाहरणार्थ स्ट्रॅटफर्ड, कॅनडा वॉटर किंवा हायबरी अँड इझ्लिंग्टन येथे, गुलाबी रीडरही असतात. मध्यवर्ती झोन १ टाळून बाहेरच्या मार्गाने आलेल्या प्रवाशाने वाटेत तेथे कार्ड टेकवले तर भाडे कमी लागते. हा रीडर प्रवास संपवत नाही, फक्त मार्गाची नोंद करतो. कामाच्या दिवशी सकाळी ६.३० ते ९.३० आणि दुपारी ४ ते संध्याकाळी ७ या वेळांत भाडे चढे असते. उलट दिवसाच्या आणि आठवड्याच्या एकूण भाड्याला कमाल मर्यादा आहे: दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, आठवडा सोमवार ते रविवार धरला जातो, आणि मर्यादा गाठली की पुढचा प्रवास फुकट. पासाचा लाभ पास न काढता मिळवून देणारी ही सोय प्रस्तुत लेखकाच्या मते प्रवासकार्डाची सर्वांत मोठी देणगी आहे. बसमध्ये मात्र भाडे एकच असल्याने फक्त चढताना टेकवायचे असते, आणि लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतलेच जात नाहीत.

पासाच्या कल्पनेला सर्वांत जवळची व्यवस्था जपानात सापडते. तेथे घर आणि कचेरी या दोन स्थानकांमधला एक, तीन किंवा सहा महिन्यांचा पास ‘सुइका’वरच चढवता येतो. ठरलेल्या टप्प्यात कार्ड टेकवले की शिल्लक कमी होत नाही. टप्प्याच्या पुढे गेले की तेवढ्याच जादा अंतराचे भाडे आपोआप वजा होते. आपल्याकडे पासाच्या हद्दीपलीकडे जायचे तर पुढचे तिकीट आधी काढून ठेवावे लागते, त्या मानाने ही सोय मोलाची आहे. मार्च २०१३ पासून जपानमधील दहा प्रमुख कार्डे एकमेकांच्या क्षेत्रात चालतात. पण एका क्षेत्रात शिरून दुसऱ्या क्षेत्रात बाहेर पडण्याचा प्रवास साधारणपणे त्यांवर होत नाही.

इतरत्र नियम बदलतात. सिंगापूरमध्ये भाडे अंतरावर असल्याने बसमधून उतरतानाही कार्ड टेकवावेच लागते. न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत भाडे एकच, म्हणून बाहेर पडताना काही करायचे नसते. जर्मन शहरांतील भुयारी रेल्वेला बहुधा फाटकेच नाहीत. तेथे पास जवळ ठेवायचा आणि तपासनीस आला की दाखवायचा, ही रीत लोकलच्या प्रवाशाला शिकवावी लागत नाही.

अनेक शहरांत आता बँकेचे स्पर्शविरहित कार्ड किंवा फोनच थेट टेकवता येतो. लंडनने ही सोय बसमध्ये डिसेंबर २०१२ पासून आणि भुयारी रेल्वेत सप्टेंबर २०१४ पासून दिली. भारतातून जाणाऱ्याने येथे दोन गोष्टी पाहाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार नवीन कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू स्थितीत मिळते. परदेशातील व्यवहार आणि स्पर्शविरहित वापर या दोन्ही सोयी बँकेच्या अॅपमधून वेगळ्या चालू कराव्या लागतात, आणि ते विमानात बसण्यापूर्वीच केलेले बरे. दुसरे असे की, एकच कार्ड सकाळी हाताने आणि संध्याकाळी फोनमधून टेकवल्यास यंत्रणा ती दोन निराळी साधने समजते, त्यामुळे प्रवास अपुरा राहतो आणि कमाल मर्यादेचा हिशोबही तुटतो. भारतात मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड) या प्रवासकार्डातील प्रवासाची शिल्लक परदेशी फाटकांवर उपयोगी नाही.

कार्डावर प्रवासाची नोंद राहते, आणि ती कोणाच्या हाती जाते हा प्रश्न सुटलेला नाही. २०१० मध्ये ‘ऑक्टोपस’च्या कंपनीने सुमारे २० लाख ग्राहकांची माहिती इतर कंपन्यांना विकल्याचे उघड झाले आणि तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले.

मुक्काम संपताना कार्ड परत करण्याचे नियमही शहरागणिक वेगळे आहेत. ‘सुइका’ची अनामत ५०० येन असून ती परत मिळते, उरलेल्या शिलकीतून मात्र २२० येन शुल्क कापले जाते, म्हणून शिल्लक आधी स्थानकातल्या दुकानात खर्च करून मग कार्ड खिडकीवर देणे फायद्याचे ठरते. ती खिडकी ‘सुइका’ देणाऱ्या पूर्व जपान रेल्वे कंपनीचीच असावी लागते; ओसाकात ‘सुइका’ परत घेत नाहीत.