स्वयंपाकघरातील वीजजोडणी व विलगीकरण

स्वयंपाकघरातील वीजजोडणी व विलगीकरण : ओट्यावरील व ओट्याखालील उपकरणांना पुरेशा जाडीच्या तारांनी वीज पोचवणे आणि त्यांपैकी प्रत्येक उपकरण गरजेच्या वेळी पुरवठ्यापासून पूर्णपणे तोडता येईल, अशी सोय भिंतीला प्लास्टर होण्याआधीच करून ठेवणे.

बडोद्यात डांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या मराठी घरांत स्वयंपाकघराला एक दिवा आणि फार तर मिक्सरपुरता एक पॉइंट असे. नव्या फ्लॅटमध्ये त्याच कुटुंबाच्या ओट्यावर 2,000 वॅटची इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह आणि सिंकजवळ 3,000 वॅटचा इन्स्टंट गीझर येतो. 230 व्होल्टवर गीझर एकटाच 13 अँपिअर घेतो, शेगडी जवळजवळ 9. हे दोन्ही एका 16 अँपिअरच्या पॉइंटवर चालणार नाहीत. म्हणून जड उपकरणांना डीबीपासून (घरातील वीजवाटपाच्या पेटीपासून) स्वतंत्र तार ओढतात : 16 अँपिअरच्या पॉइंटला साधारणतः 2.5 चौ. मिमी, गीझरला 4 चौ. मिमी तांब्याची. ओट्यावर एक्स्टेन्शन बोर्ड दिसला, की पॉइंट मोजताना चूक झाली असे खुशाल समजावे.

तारेसाठी आयएस 694, सॉकेटसाठी आयएस 1293 आणि आरसीसीबीसाठी (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचसाठी) आयएस 12640 ही भारतीय मानके आहेत. अशा मालाची तपासणी करणारी, 1974 मध्ये स्थापन झालेली ‘इर्डा’ (इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन) ही संस्था बडोद्याच्या मकरपुऱ्यातच आहे. पण उत्तम मालही चुकीच्या जोडणीपुढे निरुपयोगी ठरतो.

सर्वांत मोठा गैरसमज एमसीबीविषयी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप पडून पुरवठा तोडणाऱ्या स्विचविषयी, आहे. एमसीबी तार जळू नये म्हणून असतो. माणसाला वाचवणे हे त्याचे काम नव्हे. 20 अँपिअरच्या एमसीबीतून 29 अँपिअर वाहत असले, तरी तो पडायला तासभरही लागू शकतो. समजा, गीझरच्या पत्र्याला फेज (वीज आणणारी जिवंत तार) चिकटली आणि अर्थिंगचा रोध 5 ओहम आहे. जमिनीत जाणारा प्रवाह तेव्हा 46 अँपिअरच्या पुढे जात नाही. आणि ‘सी’ प्रकारचा 20 अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला 100 ते 200 अँपिअर लागतात. तो पडेपर्यंत पत्रा जिवंत. ही उणीव 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी भरून काढतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडला, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. अतिभार मात्र त्याला कळत नाही, म्हणून दोन्ही हवेत. फ्रिजला आरसीबीओसह (एमसीबी व आरसीसीबी एकत्र असलेल्या स्विचसह) वेगळी लाइन दिली, तर मिक्सरच्या गळतीपायी दूध नासत नाही.

‘आरसीसीबी सारखा ट्रिप होतो’ म्हणून तो बायपास करून देणारे वायरमन भेटतात. अनेकदा दोष आरसीसीबीचा नसतो. इन्व्हर्टरच्या आणि मुख्य लाइनच्या न्यूट्रल कुठेतरी एकत्र केलेल्या असतात. त्याहून घातक प्रकार म्हणजे अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडणे. अशा सॉकेटच्या मागे, डीबीच्या बाजूला न्यूट्रल तुटली, की उपकरणाचा पत्रा थेट फेजवर येतो.

विलगीकरणासाठी साधा स्विच पुरत नाही. तो एकच तार तोडतो, आणि चुकून न्यूट्रलमध्ये बसला असेल तर बंद गीझरच्या आतही फेज उभी असते. डीपी (डबल पोल) स्विच दोन्ही तारा तोडतो. तो उपकरणाच्या मागे किंवा शेगडीच्या वर नसावा : जळत्या कढईवरून हात नेऊन बंद करायचा स्विच काय कामाचा? भांडी धुण्याच्या यंत्राचे सॉकेट ओट्याखाली, पण त्याचा स्विच ओट्याच्या वर, शिंतोड्यांपासून दूर घेतात. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट चालू राहतात, हे दुरुस्तीपूर्वी विसरू नये. इन्व्हर्टरचा स्विच वेगळा बंद करावा लागतो आणि टेस्टर लावून खात्री करावी लागते.

बडोद्यात या सगळ्याला विश्वामित्री नदीच्या पुराची जोड आहे. 2019 आणि 2024 च्या पुरांत तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरले. नदीकाठच्या सखल भागात डीबी छातीच्या वर बसवावा, ओट्याखालची सॉकेट स्वतंत्र एमसीबीवर ठेवावीत. म्हणजे वरचे दिवे चालू ठेवून खालचा भाग वेळेवर तोडता येतो. पाणी अंगणात आले, की मात्र मेनच बंद करायचा असतो. ते घरात आल्यावर त्यात उभे राहून बोर्डाला हात लावू नये.

पाणी ओसरल्यावर बोर्ड उन्हात वाळवून पुन्हा लावण्याची घाई सर्रास होते. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी बदलावेच लागतात, कारण आत गाळ बसला की ते पडतीलच याचा भरवसा नाही. कंड्युटमधल्या (भिंतीतील नळीतल्या) तारांच्या इन्सुलेशनचा रोध परवानाधारक ठेकेदाराकडून 500 व्होल्टच्या मेगरने (हा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासून घ्यावा. तो किमान 1 मेगाओहम भरला पाहिजे. या चाचणीआधी सर्व उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत, नाहीतर त्यांच्यातील इलेक्ट्रॉनिक भाग त्या व्होल्टेजने निकामी होऊ शकतात.