पाजणाऱ्या आईला काय मिळतं?

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाळंतीण लेकराला छातीशी घेते आणि थोड्याच वेळात तिच्या ओटीपोटात कळ येते. घरातली जाणती बाई म्हणते, "पाज गं, पिशवी जागेवर बसतीय." हे अगदी खरं आहे. लेकरू ओढायला लागलं की आईच्या मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्याने पान्हा फुटतो आणि त्यानेच गर्भाशयही आवळतं. वार सुटली त्या जागेवरच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी जातं. बाळंतपणानंतर किलोभर वजनाचं गर्भाशय सहा आठवड्यांत 60-70 ग्रॅमवर येतं. पाजण्याने त्या कामाला हातभार लागतो.

आपल्याकडे अंगावरच्या दुधाचा विषय निघाला की बोलणं लेकराच्या वजनावर जातं. आईच्या तब्येतीचं कुणी विचारत नाही. 2002 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 30 देशांतल्या 47 अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आला: पाजण्याच्या दर 12 महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका 4.3 टक्क्यांनी घटतो. सगळ्या लेकरांना पाजलेले महिने इथे एकत्र धरायचे. अंडाशयाच्या कर्करोगाचा आणि टाइप 2 मधुमेहाचा धोकाही पाजणाऱ्या बायकांत कमी आढळतो. अर्थात ही सगळी निरीक्षणं आहेत. जास्त दिवस पाजणाऱ्या बाईचं खाणंपिणं, शिक्षण, घरची परिस्थितीही वेगळी असू शकते. म्हणून 'पाजलं म्हणजे कर्करोग होणार नाही' असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

एक गैरसमज मात्र बायकांना फार महागात पडतो. 'अंगावर पाजतीय तोवर दिवस राहत नाहीत' हे अर्धंच खरं आहे. लेकरू सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नसावी आणि लेकराला रात्रंदिवस फक्त आईचंच दूध मिळत असावं. तिन्ही गोष्टी जुळल्या तर हा उपाय सुमारे 98 टक्के लागू पडतो. वरचं दूध सुरू झालं, पाळी आली किंवा सहा महिने उलटले की भरवसा संपला. दुसरं साधन वापरायलाच हवं. पाळी लांबल्याने अंगातलं लोहही वाचतं, आणि रक्त कमी असलेल्या बाईला त्याचा मोठा आधार होतो.

आता बीड-धारूरकडची ऊसतोड कामगार बाई घ्या. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्यावर जाते. लेकरू फडाच्या कडेला झोळीत आणि आई मोळ्या बांधते आहे. छाती दाटून येते, दूध चोळीत झिरपतं, पण थांबलं तर काम मागे पडतं, खाडा लागायची, म्हणजे मजुरी कापली जायची भीती असते. स्तनात दूध साचून राहिलं की शरीर नवं दूध बनवणं कमी करतं. वर गाठ, लाली, ताप येतो तो वेगळाच. मग 'हिला दूधच नाही' असं म्हणून लेकराला बाटली लावतात. दोष त्या बाईचा नसतो, तिला पाजायला वेळच मिळालेला नसतो.

तान्ह्याला दिवसरात्र मिळून आठ-बारा वेळा पाजावं लागतं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. तेवढ्या वेळा आईला कोयता खाली ठेवता आला पाहिजे, आणि त्यासाठी तिची मजुरी कापली जाता कामा नये. तिच्या पोटातही रोजच्यापेक्षा सुमारे 500 कॅलरी जास्त जायला हव्यात: एखादी भाकरी वाढवून, वरण, शेंगदाणे, जमलं तर अंडं, आणि तहान लागेल तेवढं पाणी. छातीत गाठ आली तरी पाजणं थांबवायचं नाही. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.