चिंध्यांचा हातकागद

सुती कापडाची कात्रणे, जुने कपडे आणि गिरण्यांतला टाकाऊ धागा यांच्या लगद्यापासून हाताने बनवलेला कागद. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही, पण त्याची थोरवी तेवढ्यावर संपत नाही. कापसाच्या तंतूत ९० टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज, म्हणजे कागद ज्याचा बनतो ते वनस्पतीतले तंतुद्रव्य असते, लाकडात ते निम्म्याच्या आतबाहेर. कागद पिवळा पाडणारे लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य) कापसात जवळजवळ नसतेच. त्यामुळे आम्लरहित खळ (शाई पसरू नये म्हणून देतात तो लेप) दिलेला चिंधी-कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. भारतीय चलनी नोटांचा कागदही कापसाचाच असतो.

विदर्भ हा कपाशीचा मुलूख, आणि हातकागदाशी त्याचे नाते वर्ध्याच्या मगनवाडीत जुळले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या पुढाकाराने तेलघाणी, गूळ यांबरोबर कागदालाही ग्रामोद्योगात स्थान दिले. महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था आज त्याच आवारात आहे.

या कामात सर्वांत मोलाची पायरी निवडीची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. बटणे, चेन, इलॅस्टिक काढायचे. टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेले सुती कापड, वेगळे करायचे. पॉलिस्टरचा धागा पाण्याने फुगत नाही, सेल्युलोजला घट्ट धरत नाही आणि कागदात गुठळ्या करतो. शंका असेल तर धागा जाळून पाहतात: सुती धागा जळक्या कागदाचा वास देऊन भुरभुरीत राख सोडतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. गावातल्या शिंप्याकडची सुती कात्रणे जुन्या कपड्यांपेक्षा सरस, कारण त्यांचा तंतू झिजलेला नसतो. घरातली धड लुगडी-धोतरे आधी वाकळीत जातात, आणि तेच योग्य आहे.

निवडलेल्या चिंध्यांचे बारीक तुकडे करून ते बीटर या कुटण्याच्या यंत्रात पाण्यासह कुटतात. लगदा हौदात पातळ करून जाळीच्या साच्याने उचलतात, कापडावर उलटवून दाबयंत्रात पाणी काढतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात ताव लवकर वाळतात, मात्र थेट उन्हात ते वाकतात, म्हणून सावलीत टांगणे बरे. शेवटी खळ आणि घोटाई, म्हणजे ताव घासून गुळगुळीत करणे.

पाणी हीच खरी अडचण. कोरडवाहू गावात हौदातले पाणी गाळून पुन्हा वापरण्याची सोय आधी हवी, बीटर नंतर. रंगीत कात्रणे रंगानुसार वेगळी ठेवली तर कागदाला तोच रंग येतो आणि ब्लीच टळते. मग तेच पाणी अधिक वेळा फिरवता येते.