प्रेक्षकांची गर्जना नेमकी कोणाला ऐकू येते?

जून २००६ मध्ये कॅनडातल्या एडमंटन शहरात आइस हॉकीच्या स्टॅन्ली चषकाची अंतिम मालिका चालू होती. घरचा संघ, एडमंटन ऑयलर्स, तब्बल सोळा वर्षांनी या टप्प्यावर पोहोचला होता आणि रेक्सॉल प्लेस या बंदिस्त रिंकमध्ये कान बधिर करणारा जल्लोष होत होता. अल्बर्टा विद्यापीठातले बिल हॉजेट्स आणि रिचर्ड लिऊ यांनी प्रेक्षकाच्या कानाजवळ ध्वनिमापक लावून हा जल्लोष चक्क मोजला. एडमंटनमध्ये झालेल्या तिन्ही सामन्यांत आवाजाची सरासरी पातळी १०० डेसिबलच्या वर गेली. कारखान्यातल्या कामगाराने आठ तासांत सोसावी अशी मर्यादा साधारण ८५ डेसिबल मानली जाते. डेसिबलची पट्टी गुणोत्तरी असल्यामुळे हा फरक दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. १०० डेसिबलच्या आवाजात ८५ डेसिबलच्या तीसपटीहून अधिक ऊर्जा असते.

या तीन सामन्यांपैकी पहिला ऑयलर्सनी २–१ असा जिंकला, दुसरा तेवढ्याच फरकाने गमावला आणि तिसरा ४–० असा जिंकला. आवाज तिन्ही वेळा जवळपास सारखाच होता. सातवा आणि निर्णायक सामना कॅरोलायना हरिकेन्सच्या घरी झाला आणि चषकही त्यांनीच नेला. प्रेक्षकांच्या पाठिंब्याने खेळाडूंची कामगिरी सुधारते, असे आपण सहज म्हणून जातो; पण सुधारणा होत असेल तर ती कशात होते, आणि तो आवाज मुळात कोणावर परिणाम करतो, हे शोधायला आइस हॉकीइतका सोयीचा खेळ क्वचितच सापडेल.

सोयीचा अशासाठी की इथे मैदान फारसे बदलत नाही. क्रिकेटमध्ये यजमान संघाला खेळपट्टी हवी तशी करून घेता येते, त्यामुळे विजयाचे श्रेय फिरकीला द्यायचे की गर्दीला, हे ठरवणे अवघड जाते. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये मात्र बर्फाचा आयत सगळीकडे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतो. (बॉस्टन आणि शिकागो इथल्या जुन्या रिंक याहून आखूड होत्या, पण नव्वदच्या दशकात त्या वापरातून गेल्या.) तरीही घरच्या संघाचे पारडे जड राहतेच. बॅरी श्वार्ट्झ आणि स्टीफन बार्स्की यांनी १९७७ मध्ये वेगवेगळ्या खेळांची तुलना केली, तेव्हा निकाली ठरलेल्या हॉकी सामन्यांपैकी सुमारे ६४ टक्के घरच्या संघाने जिंकलेले आढळले; बेसबॉलमध्ये हे प्रमाण ५३ टक्के होते. छताखाली, खेळाडूंच्या जवळ बसणाऱ्या प्रेक्षकांचा हा प्रभाव असावा, असा त्यांचा कयास होता. पुढच्या दशकांत हॉकीतले हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास उतरले, पण निम्म्यावर काही आले नाही.

या आघाडीतला काही भाग थेट नियमपुस्तकातून येतो. खेळ थांबल्यावर खेळाडू बदलण्याची शेवटची संधी घरच्या संघाला मिळते. म्हणजे पाहुण्यांनी कोणाला बर्फावर उतरवले आहे हे पाहून प्रशिक्षक आपले खेळाडू निवडू शकतो. मध्यरेषेवरच्या फेसऑफमध्ये, म्हणजे पंच दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये पक (खेळातली रबरी चकती) टाकून खेळ सुरू करतो तेव्हा, पाहुण्या खेळाडूला आपली स्टिक आधी टेकवावी लागते, ही आणखी एक छोटी सवलत. प्रवासाचा शिणवटा आणि परक्या हॉटेलातली झोप वेगळीच. प्रेक्षकांच्या खात्यावर काही जमा करायचे असेल, तर हे सगळे आधी वजा करावे लागते.

गर्दीसमोर शरीरात काय घडते, याचे एक सुरेख उत्तर मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडले. कोणी पाहत असले की प्राण्याची उत्तेजना वाढते, आणि वाढलेल्या उत्तेजनेत अंगवळणी पडलेली, सोपी कृती अधिक जोमाने होते, तर नाजूक किंवा नवी कृती बिघडते, असे त्यांचे म्हणणे. पुढे १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर तपासले. सरळ वाटेने पळायचे असताना दुसरी झुरळे ‘प्रेक्षक’ म्हणून ठेवली, की पळणारे झुरळ अधिक वेगाने पळे. वाट वळणाची केली, की त्याच प्रेक्षकांसमोर त्याला जास्त वेळ लागे. झुरळाला घरच्या संघाचा अभिमान नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा परिणाम किती मुळाशी आहे ते कळते.

हॉकीपटूच्या कामात या दोन्ही प्रकारच्या कृती असतात. पाऊण मिनिटाच्या पाळीत जीव तोडून स्केटिंग करणे, प्रतिस्पर्ध्याला कडेच्या फळीवर दाबणे, सुटलेल्या पकमागे धावणे, ही जोराची कामे आहेत. साडेसात सेंटिमीटर व्यासाची गोठवलेली रबरी चकती स्टिकच्या पात्यावर झेलून दोन बचावपटूंच्या मधून अचूक सरकवणे, हे मात्र मनगटाचे आणि बोटांचे काम आहे. कॅनडातल्या जस्टिन कॅरे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हॉकीपटूंच्या लाळेचे नमुने तपासले, तेव्हा घरच्या सामन्याआधी टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि खेळाडूंनी स्वतः सांगितलेला आत्मविश्वास, दोन्ही बाहेरच्या सामन्यांपेक्षा जास्त होते. आपला प्रदेश राखणाऱ्या प्राण्यांशी याचे साम्य दाखवले जाते. पण हे नमुने सामना सुरू होण्यापूर्वीचे होते, म्हणजे ती वाढ आरोळ्यांमुळे झालेली नव्हती. ‘आज आपल्या घरी खेळायचे आहे’ ही जाणीवच पुरेशी ठरली असावी.

शिवाय आवाजाचा एक सरळसाधा तोटा आहे आणि तो यजमानांनाही चुकत नाही. हा खेळ मोठ्या प्रमाणात कानांनी खेळला जातो. पाठमोऱ्या बचावपटूला मागून कोण येत आहे हे सहकारी ओरडून सांगतो. नियमभंगाची शिक्षा म्हणून काही वेळ बाहेर बसलेला प्रतिस्पर्धी परत येण्याची वेळ झाली की गोलरक्षक बर्फावर स्टिक आपटून आपल्या खेळाडूंना इशारा देतो. शंभर डेसिबलच्या गदारोळात लाकडाची ती टकटक कितपत पोहोचणार?

गर्जनेने कौशल्य खरोखर वाढत असेल, तर ते सर्वांत स्पष्ट शूटआउटमध्ये दिसायला हवे. २००५–०६ च्या हंगामापासून बरोबरीत राहिलेले साखळी सामने अशा प्रकारे निकाली काढले जातात. एक खेळाडू, एक गोलरक्षक, बाकीचे बर्फ रिकामे, सगळे सभागृह उभे. इथे शेवटच्या बदलीचा फायदा नाही, सहकाऱ्यांची मदत नाही, आणि पंचाला मत वापरायला जागाही जवळजवळ नाही. अर्थतज्ज्ञ टोबायस मॉस्कोविट्झ यांनी सुरुवातीच्या हंगामांतले शूटआउट तपासले, तेव्हा घरच्या संघाची सरशी निम्म्याच्या आसपासच भरली. बास्केटबॉलमधल्या फ्री थ्रोचे, म्हणजे कोणी न अडवता टोपलीत चेंडू टाकण्याच्या संधीचेही तेच; टोपलीमागे लोक हात हलवत किंचाळत असले, तरी घरचे आणि पाहुणे दोघेही सुमारे ७६ टक्के चेंडू टोपलीत घालतात. मला स्वतःला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो, कारण खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यामध्ये इथे दुसरे काहीच उरत नाही आणि तरीही आकडा हलत नाही.

मग आकडा हलतो कुठे? बर्फावर आणखी काही माणसे असतात, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यातली. २००२ मध्ये ॲलन नेव्हिल, नायजेल बाल्मर आणि मार्क विल्यम्स यांनी ४० अनुभवी फुटबॉल पंचांना एका सामन्यातले ४७ प्रसंग दाखवले. काहींना ते मूळ गलक्यासह दाखवले, काहींना आवाज पूर्ण बंद करून. गलका ऐकणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. निर्णय क्षणार्धात घ्यायचा असतो, दृश्य अपुरे असते, आणि अशा वेळी हजारो लोकांची एकाच क्षणी उठलेली आरोळी ही मेंदूला आणखी एक माहिती वाटते.

हॉकीत ही माहिती महागात पडू शकते. स्टिकने अडकवणे, वाट अडवणे यांसारखे गुन्हे बऱ्याच अंशी पंचाच्या नजरेवर अवलंबून असतात आणि त्यांची शिक्षा म्हणजे दोन मिनिटे एक खेळाडू कमी. अशा प्रत्येक पाच संधींपैकी साधारण एकीत गोल होतो, आणि सामन्याचा निकाल अनेकदा एकाच गोलाने लागतो. नेहमीच्या हंगामांत घरच्या संघाला शिक्षा किंचित कमी मिळतात, हे आकड्यांत दिसते. अर्थात जो संघ जास्त आक्रमण करतो त्याला रोखताना समोरच्यांकडून जास्त नियमभंग होतात, त्यामुळे हा सगळा फरक पंचांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. म्हणूनच तीच दृश्ये आवाजासह आणि आवाजाविना दाखवणाऱ्या त्या प्रयोगाचे मोल मोठे आहे.

गर्दी किती आहे यापेक्षा सभागृह किती भरले आहे, यालाही महत्त्व दिसते. अ‍ॅग्न्यू आणि कॅरन यांनी १९९४ मध्ये कॅनडातल्या तरुण खेळाडूंच्या लीगचा अभ्यास केला, तेव्हा भरलेल्या खुर्च्यांच्या प्रमाणाचा निकालाशी संबंध आढळला, पण तो क्षीणच. दुसरीकडे, रिचर्ड पोलार्ड यांनी २००२ मध्ये दाखवले, की त्याच शहरात, त्याच चाहत्यांसह नव्या वास्तूत गेलेल्या संघांची घरची आघाडी पहिल्या हंगामात सुमारे चतुर्थांशाने घटते. माणसे तीच, आवाज तोच. फक्त भिंती अनोळखी.

मग २०२० साली साथीने असा प्रयोग घडवला, जो कोणत्याही संशोधकाला परवडला नसता. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बाद फेरीचे सर्व सामने टोरंटो आणि एडमंटन इथल्या दोन रिकाम्या सभागृहांत झाले. दूरचित्रवाणीवर ऐकू येणारा जल्लोष व्हिडिओ गेममधून घेतलेला होता. प्रत्येक सामन्यात एक संघ कागदोपत्री ‘घरचा’ असे आणि शेवटच्या बदलीचा हक्क त्यालाच मिळे. घर आणि प्रेक्षक तेवढे नव्हते. टँपा बे लाइटनिंगने डॅलस स्टार्सला हरवलेल्या अंतिम मालिकेतल्या सहा सामन्यांपैकी कागदावरच्या यजमानाने फक्त एक जिंकला. सहा सामन्यांवरून सिद्धांत काढू नये, पण नुसता नियम हाताशी असून काय होते, याचे ते एक चित्र आहे.

पुढच्या वर्षी चित्र आणखी विचित्र झाले. २०२१ च्या अंतिम मालिकेत टँपाचे सभागृह जवळजवळ पूर्ण भरले होते, तर मॉन्ट्रियलच्या २१ हजारांहून अधिक आसनांच्या बेल सेंटरमध्ये क्वेबेक सरकारने केवळ ३,५०० प्रेक्षकांना परवानगी दिली होती. हजारो चाहते बाहेर रस्त्यावर उभे राहून ओरडत होते. आतल्या विरळ प्रेक्षकांपुढे मॉन्ट्रियल कॅनेडियन्स पहिला सामना ६–३ असा हरले आणि दुसरा जादा वेळेत ३–२ असा जिंकले. पाचवा सामना टँपाच्या भरलेल्या सभागृहात झाला. तिथे चषक यजमानांनी जिंकला, तोही फक्त एका गोलाने.